कारण लिहू नये

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे वर्षाचं गाळप संपलं, की आमच्या कोल्हारात आधी वास जातो. दिवाळीनंतर मळीचा जो गोडसर-आंबूस वास सुरू होतो, तो पडद्यांत, उशांत, केसांत मुरून बसतो. बाहेरगावचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात आणि आम्ही त्यांच्याकडे नवलानं बघतो, कारण आम्हाला तो येतच नसतो. आम्हाला तो कळतो थांबल्यावर. यंदा ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि एकदम वाटलं, काहीतरी राहिलंय. गॅस बंद केला होता. नळही बंद होता. मग वर बघितलं तर धुराड्यातून धूर येत नव्हता. दोरीवरच्या पांढऱ्या साडीवर काजळीचा एकही ठिपका नव्हता. चार-पाच महिने त्या काजळीच्या नावानं मी रोज बोटं मोडते, आणि आता ती नाही म्हटल्यावर त्या कोऱ्या साडीकडे बघून मला भरून आलं. सेवानिवृत्त बाई कशावरही रडू शकते, हे मी मान्य करते.

साडीचं आपलं निमित्त. पट्टा पडला की मला दोन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो. नाताळ ते ईस्टर एवढाच तो काळ. त्या चार महिन्यांत मी माझ्या मुलीला, कृपाला, आलेखाचं वर्णन करायला शिकवलं. इतकं चांगलं शिकवलं की ती पास होऊन गेली.

कृपा नर्स आहे. शेजारच्या गावातल्या एका मोठ्या दवाखान्यात ती वॉर्डात होती, स्कूटीवरून जायची-यायची. परदेशात नोकरी करायची तर इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ती पहिल्याच वेळी पार झाली, लिहिण्यात मात्र अर्ध्या बँडनं, म्हणजे अर्ध्या गुणानं, गेली. तीसेक वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईची मुलगी इंग्रजी लिहिण्यात गेली! चर्चमध्ये उपासनेनंतर बायका सलाम करून हळूच विचारायच्या, ‘‘कृपाचं काय झालं?’’ आणि मी हळूच सांगायचे, ‘‘पेपर अवघड असतात.’’ घरी येऊन मात्र मी लाल पेन काढलं.

त्या लेखी पेपरात पहिला प्रश्न असतो आकडेवारीचा. एक आलेख देतात, नाहीतर खांबांची आकृती, नाहीतर भाकरीचे तुकडे करावेत तसं वर्तुळ. वीस मिनिटांत, निदान दीडशे शब्दांत, त्यात काय दिसतंय ते लिहायचं. मला वाटलं, हे काय, डाव्या हाताचा मळ. पहिल्या संध्याकाळी लिहायला बसले तर माझीच गाडी तिसऱ्या ओळीत अडकली. रेघ वर गेली, रेघ खाली आली, रेघ परत वर गेली. पुढे काय? आयुष्यभर मी मुलांना मुख्याध्यापकांकडे रजा मागायला शिकवलं, मित्राला सहलीचं पत्र लिहायला शिकवलं, गाईवर निबंध लिहायला शिकवला. एका रेघेबद्दल दीडशे शब्द बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

मग आम्ही दोघी शिकलो. कृपानं कुठूनतरी एका पुस्तकाची झेरॉक्स आणली होती, तिची पानं स्टोव्हच्या वातीसारखी काळी. त्यातून मी याद्या काढल्या. हळूहळू वाढलं तर ‘ग्रॅज्युअली’. एकदम वाढलं तर ‘शार्पली’. जिथल्या तिथं राहिलं तर ‘रिमेन्ड स्टेबल’. टोकाला पोचलं तर ‘रीच्ड अ पीक’. वरखाली होत राहिलं तर ‘फ्लक्चुएटेड’, आणि हा शब्द तिला समजावून सांगावा लागला नाही, ती रोज आमच्या हमरस्त्यानं स्कूटी चालवत होती. शेवटी, किंवा सुरुवातीलाच, ‘ओव्हरऑल’ म्हणून एक परिच्छेद. डोंगरावर उभं राहून गाव बघावं तसं सगळं एका नजरेत सांगायचं. तपशील नंतर.

मराठीत याला केवढे शब्द आहेत, हे मला त्या हंगामात कळलं. ताप चढतो आणि उतरतो. प्रवरेचं पाणी चढतं, पण ते उतरत नाही, ओसरतं. भाव पडतो. दूध आटतं. सूज बसते. इंग्रजीत या सगळ्यांना एकच ‘डिक्रीज’ पुरतो. मी शिकवायला बसले की मधेच असं काहीतरी सुचायचं आणि मी बडबडत सुटायचे. कृपा हनुवटीला पेन लावून ऐकायची आणि म्हणायची, ‘‘आई, हे परीक्षेत येणार आहे का?’’

वीस मिनिटं मोजायला आम्ही घड्याळ लावत नसू. मी कुकर चढवायचे आणि म्हणायचे, ‘‘लिही.’’ वरण-भाताच्या शिट्ट्या होऊन गॅस बंद करेपर्यंत तिनं पेन खाली ठेवायचं. बाहेर उसाच्या ट्रॉल्या जात असायच्या, एकामागे एक दोन-दोन जोडलेल्या, त्यांच्यावर कर्ण्यात गाणी. खिडकीच्या काचा थरथरायच्या. दाराशी कडुलिंब फुलायला लागला होता. आत वरणाला हिंगाची फोडणी, बाहेरून मळीचा वास, आणि जेवणाच्या टेबलाशी ड्यूटीवरून आलेली, अजून केसांचा अंबाडा न सोडलेली माझी मुलगी वाकून लिहितेय. एवढी सुखी मी पुढे झाले नाही. तेव्हाही हे मला कळत होतं, आणि तरी मी तिच्या वहीत चुका शोधत होते.

कृपाची मोठी चूक व्याकरणातली नव्हती. ती कारणं लिहायची.

परीक्षेचा नियम साधा आहे. जे दिसतं तेवढंच लिहायचं. ते तसं का झालं, हे आलेखात दिलेलं नसतं, म्हणून ते लिहायचं नाही. आपलं मत तर नाहीच नाही. पण कृपाला ते जमेचना. कुठल्यातरी देशात सायकली कमी विकल्या गेल्या, की ही लिहायची, लोकांकडे मोटारी आल्या असतील. एखाद्या गावात शाळेतली मुलं घटली, की हिचं सुरू, आईबाप कामासाठी बाहेर गेले असतील. मी लाल रेघ मारायचे आणि समासात लिहायचे, ‘नो रीझन्स’. पानापानावर ‘नो रीझन्स’.

एकदा ती चिडली. म्हणाली, ‘‘आई, वॉर्डात आमच्या चार्टवर अशीच रेघ असते गं. टेम्परेचर एकशे दोनला गेलं, की नुसतं बघून चालत नाही. सलाईनचा हात सुजलाय का, टाक्यात पू झालाय का, हे शोधायलाच लागतं. का चढलं ते बघितलं नाही तर माणूस जाईल.’’

‘‘ते वॉर्डात,’’ मी म्हटलं. ‘‘इथे ‘का’ विचारायचं नाही.’’

‘‘मग नुसती रेघ बघून करायचं काय?’’

‘‘मार्क मिळवायचे.’’

ती हसली नाही. पण त्यानंतर तिनं सवय बदलायला घेतली. माणूस मनावर घेतो तेव्हा सवय सुटते. फेब्रुवारी संपेपर्यंत तिच्या लिहिण्यातून कारणं जवळजवळ गेली होती, आणि मी तिला पहिल्यांदा ‘गुड’ दिला.

आणखी एक गोष्ट मी तिला शिकवली होती. एकच घट दोन तऱ्हांनी लिहिता येते. एकीत वस्तू पडते. दुसरीत ‘तिथे एक घट होती’ एवढंच. शिकवताना मला ही दुसरी तऱ्हा फार आवडायची. त्यात कोणी काही करत नाही, कोणाला काही होत नाही. पडणं आपलं तिथे असतं, भिंतीवर खिळा असावा तसं. त्या हंगामाच्या आधीच्या आषाढात माझे यजमान शांतवन गेले होते. भेटायला येणाऱ्यांना मी सांगायचे, ‘‘हो, अटॅक होता.’’ ही झाली दुसरी तऱ्हा. ‘‘ते माझ्यासमोर, हातात कपबशी धरून, खुर्चीतून कलंडले,’’ ही पहिली. ती मी कोणाला सांगितली नव्हती, कृपालासुद्धा नाही. ती तेव्हा ड्यूटीवर होती.

शांतवन कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. रसातली साखर मोजण्यात जन्म गेला, त्यामुळे घरीही सगळं मोजायचे. दाराआडच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात बारीक अक्षरात दुधाचं माप लिहायचे. दीड. दीड. दोन, म्हणजे त्या दिवशी पाहुणे होते किंवा खीर होती. सिलिंडर लावल्याची तारीख, नदीला धरणाच्या पाण्याचं आवर्तन सुटल्याची तारीखही तिथेच. ते गेल्यावर दुधाचं माप मी लिहायला लागले. दुःख असलं तरी दूधवाला येतोच.

मार्चमध्ये आमचे आलेख संपले. झेरॉक्समधले सगळे दोनदा सोडवून झाले. मी कृपाला म्हटलं, ‘‘कुठलेही आकडे घे आणि तूच आलेख काढ.’’ मी कुकर चढवत होते. ती उठली, दाराआडून मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढून आणलं आणि बारा महिन्यांच्या दुधाची बेरीज करत बसली. मग रेघ काढली. जानेवारीपासून सरळ, स्टेबल. जुलैत शार्प इन्क्रीज, वर्षातलं सगळ्यात उंच टोक. ऑगस्टपासून उतार, आणि डिसेंबरात जानेवारीच्या निम्म्यावर. मी भाजीला फोडणी देऊन आले, खुर्चीवर टेकले, लाल पेन उघडलं आणि तपासलं. ‘पीक’ हा शब्द बरोबर वापरलाय. काळ बरोबर आहे. शेवटी दोन-तीन ओळी जास्तीच्या होत्या. त्यांच्यावर रेघ मारली. समासात लिहिलं ते आपलं नेहमीचंच. नंतर आम्ही जेवलो.

ईस्टरनंतर पुण्याला जाऊन तिनं परीक्षा दिली आणि लिहिण्यात हव्या त्याहून अर्धा बँड जास्त आणला. मी चर्चमध्ये पेढे वाटले. श्रावणात ती आयर्लंडला गेली. जायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना ती मधेच थांबली आणि म्हणाली, ‘‘आई, मी का जातेय, माहितीये का तुला?’’

मी म्हटलं, ‘‘स्वेटर वरच ठेव. उतरल्या उतरल्या लागेल.’’

तिनं स्वेटर वर ठेवला.

त्यानंतर आमचं बोलणं रविवारचं झालं. तिच्या ड्यूट्या बघून ती फोन करायची. ‘‘ओव्हरऑल ठीक आहे, आई,’’ ही सुरुवात. मग थंडी किती, वॉर्डात पेशंट किती, चपात्या तयार मिळतात पण चामट असतात. मीही सांगायचे. नदीला पाणी सुटलं. सिलिंडर आता चार महिने जातो. गुडघा स्टेबल आहे. दोघींचं वर्णन अगदी परीक्षेसारखं, कुठे जास्तीचं वाक्य नाही. फोन ठेवल्यावर मी बघायचे तर दहा-बारा मिनिटं झालेली असायची. मग मी खिडकीशी बसायचे. संध्याकाळी शेजारच्या घरांतून ताटं मांडल्याचे आवाज यायचे, आणि मला एकटीसाठी ताट मांडायचा कंटाळा यायचा, म्हणून मी ओट्याशी उभ्यानंच खायचे. फार एकटं वाटायचं. हे इथे लिहिते आहे तेवढं सोपं ते तोंडानं सांगणं नव्हतं.

यंदा ईस्टरच्या आधीच्या रविवारी, त्या दिवशी चर्चमध्ये वाटतात त्या झावळ्या घेऊन घरी आले आणि तिचा फोन आला. दोन वर्षांचा करार संपत आला होता आणि दवाखान्यानं पुढच्या तीन वर्षांसाठी विचारलं होतं. ‘‘आई, सही करू का?’’ तिनं विचारलं.

मी हातातली झावळी भिंतीवरच्या क्रुसामागे खोचत होते. म्हटलं, ‘‘तुझं तू ठरव. मी काय सांगणार?’’

‘‘तुला काय वाटतं?’’

‘‘माझं काय. तुझं भलं होईल ते कर.’’

 ‘‘बरं,’’ ती म्हणाली. पुढे नेहमीची थंडी.

आता स्नेहलबद्दल सांगायला हवं. माझा दूधवाला भागवत एके काळी माझ्या वर्गात होता. इंग्रजीत दोनदा गेला आणि मग म्हशींत रमला. त्याची मुलगी स्नेहल यंदा नर्सिंग होऊन त्याच परीक्षेला बसतेय. मागच्या महिन्यात त्यानं दारात किटली टेकवून मला विचारलं, ‘‘बाई, पोरीला शिकवता का? तुमची कृपाताई गेली तशी आमची बी जाऊ द्या.’’ म्हणाला खरं, पण ‘जाऊ द्या’ म्हणताना तो किटलीच्या झाकणाकडे बघत होता. तेव्हापासून स्नेहल संध्याकाळी येते. परत माझ्या टेबलावर आलेख आले, परत कुकरच्या शिट्ट्या.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, पट्टा पडून दोन दिवस झाले होते, स्नेहलनं एक उत्तर लिहून दाखवलं. त्यात तीच चूक. मी म्हटलं, ‘‘कारण लिहू नये.’’

‘‘पन बाई, कारन न्हाई लिवलं तर वाचनाराला कळनार कसं?’’

‘‘परीक्षकाला कळून घ्यायचं नसतं,’’ मी म्हटलं, आणि नमुना दाखवायला कपाटातून कृपाची वही काढली. ‘‘हे बघ. शेवटची शेवटची उत्तरं बघ, कशी स्वच्छ आहेत.’’ मी कुकरकडे गेले. स्नेहल पानं उलटत होती. एकदम म्हणाली, ‘‘बाई, ह्यो दुधाचा आलेख लई भारी हाय. हितं तुमी काय खोडलंय?’’

‘‘असेल कारण. वाच.’’

ती वाचायला लागली, एकेक शब्द जोडत, अडखळत. लाल रेघेखालचं ते इंग्रजी साधंच होतं. त्याचा अर्थ असा होता: जुलैत दूध वाढलं, कारण बाबा गेल्यावर खूप लोक भेटायला आले आणि सगळ्यांना चहा केला. मग ते कमी झालं, कारण आईनं सकाळचा दुसरा कप सोडला. तो ती बाबांबरोबर घ्यायची. मी तिच्याबरोबर बसले असते, पण तिनं मला बस म्हटलं नाही.

स्नेहल थांबली. कुकरची शिट्टी झाली, कितवी ते मी मोजलं नाही. ‘‘बाई,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘ताई तुमच्यावर...’’ वही मिटून तिनं टेबलावर ठेवली, दोन्ही हातांनी, काच ठेवावी तशी.

ती गेल्यावर मी ते पान परत उघडलं. सगळ्यात वाईट गोष्ट मला तेव्हा दिसली. ‘दुसरा कप’ याच्याआधी कृपाकडून एक छोटा शब्द राहून गेला होता. तो मी लाल पेनानं वर लिहिला होता, छान गोल करून. म्हणजे त्या संध्याकाळी मी ते वाक्य वाचलं होतं. शब्दन् शब्द वाचलं, त्यातली चूक दुरुस्त केली, आणि मग सगळ्यावर रेघ मारून जेवायला वाढलं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तीन तासांची उपासना असते. पाळकांनी काय सांगितलं, देव मला क्षमा करो, मला आठवत नाही. मी बाकावर बसून तो आषाढ बघत होते. घरात माणसांची रीघ. कृपा चहाचे ट्रे फिरवतेय. नंतरच्या महिन्यांत रोज सकाळी साडेदहाला, आमच्या दुसऱ्या चहाच्या वेळी, मी स्वयंपाकघरातून निघून जायचे, कारण त्या वेळी तिथे ती खुर्ची दिसायची. दुपारची ड्यूटी असली की कृपा त्या वेळी घरीच असायची. दारात उभी राहून विचारायची, ‘‘आई, चहा ठेवू?’’ मी म्हणायचे, ‘‘मला नको. तुला हवा तर घे.’’ मला वाटायचं, मी तिला त्रास देत नाहीये. मुलीसमोर रडायचं नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. ती दारात किती वेळ उभी राहायची, हे मला आज कळतंय.

ईस्टरला पहाटे आम्ही सगळे दफनभूमीत जातो. शांतवनच्या कबरीवर मेणबत्ती लावली, फुलं ठेवली. घरी आले, नाश्ता केला, आणि साडेदहाला फोन वाजला. तिच्याकडे सकाळचे सहा होते. ‘‘हॅपी ईस्टर, आई. आज दिवसभर ड्यूटी आहे, म्हणून आत्ता केला. ओव्हरऑल ठीक ना?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

‘‘काय झालं?’’

मी ओट्याला धरून उभी होते. तीस वर्षं वर्गात बोललेली बाई, पण एवढं बोलायला मला कधी कष्ट पडले नव्हते. ‘‘तू विचारलं होतंस ना, सही करू का. करू नकोस. मला वाटतं, करू नकोस. कारण मला एकटीला करमत नाही. मी पाव लिटर दूध घेते, तेही उरतं. मी उभ्यानं जेवते. तुझे बाबा माझ्यासमोर गेले, त्या खुर्चीत, हातात कप होता, आणि मी ते तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर तू थांबशील असं वाटलं, आणि मला तू थांबायला हवी होतीस, आणि म्हणूनच, तुला अडवायला नको म्हणून, सांगितलं नाही. आणि तुझ्या वहीतलं ते वाक्य मी वाचलं होतं, कृपा. वाचून खोडलं होतं.’’

 पलीकडे ती रडत होती. मग म्हणाली, ‘‘आई, मी बुधवारीच सही केली गं.’’

मला मंगळवारची ती कोरी साडी आठवली. का, ते सांगता येणार नाही.

‘‘मी तीन दिवस वाट बघितली,’’ कृपा म्हणाली. ‘‘रविवारपासून. म्हटलं, आई एकदा तरी म्हणेल, परत ये. नुसतं म्हणाली असतीस तरी...’’

‘‘आता काही करता येणार नाही का?’’

‘‘नाही. सुट्टी मिळेल. नाताळला येईन. महिनाभर.’’

‘‘बरं,’’ मी म्हटलं. आणि मग, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हटलं, ‘‘त्या दिवशी बॅग भरताना तू सांगत होतीस. का चालली होतीस?’’

तिनं नाक ओढलं. ‘‘आता कशाला, आई.’’

‘‘सांग.’’

मग तिनं सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. एवढंच सांगते की त्यात घर होतं, साडेदहा वाजताचं स्वयंपाकघर होतं, आणि दारात उभं राहून राहून दुखलेले पाय होते. मी मधे बोलले नाही. काही दुरुस्त केलं नाही. शेवटी तीच म्हणाली, ‘‘ड्यूटीला उशीर होतोय. आई, उद्या मला ऑफ आहे. उद्या याच वेळेला करू?’’

सोमवारी सकाळी भागवत आला. मी पातेलं पुढे केलं आणि म्हटलं, ‘‘अर्धा लिटर घाल.’’

‘‘पाव्हनं आलं व्हय, बाई?’’

‘‘नाही. दुसरा चहा परत सुरू केलाय.’’

त्यानं माप बुडवून दूध घातलं. किटलीचं झाकण लावून तो जायला वळला, तेव्हा मी म्हटलं, ‘‘भागवत, स्नेहलला तिकडं का जायचंय, तू विचारलंस का तिला?’’

तो थांबला. ‘‘न्हाई बा,’’ म्हणाला. ‘‘इचारीन इचारीन म्हनतो रोज. पन तिनं सांगितलं, अन् ते आपल्याच्यानं ऐकवलं न्हाई तर?’’

‘‘तरी विचार. परीक्षेच्या आधी विचार.’’

‘‘व्हय,’’ म्हणाला, पण लगेच गेला नाही. फाटकाशी उभा राहून तो धुराड्याकडे बघत होता. कडुलिंबाची बारीक फुलं त्याच्या टोपीवर पडत होती.

मी आत आले, दाराआडच्या कॅलेंडरवर सोमवारच्या चौकोनात अर्धा लिहिलं. कृपाची ही तीन वर्षं संपेपर्यंत दाराआडच्या त्या खिळ्यावर तीन नवी कॅलेंडरं येतील, ती अजून छापलीसुद्धा नसतील. शांतवनची खुर्ची भिंतीपासून ओढून टेबलाशी लावली. साडेदहाला एक कप आधण ठेवलं, आलं किसून टाकलं, आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. तो वाजला. पडद्यावर कृपा आली, केस विस्कटलेले, हातात तिचा कप, मागे खिडकीत उजाडत होतं. ती कॉटच्या कडेला उभीच होती.

‘‘झाला का गं चहा?’’ तिनं विचारलं.

‘‘उकळतोय अजून,’’ मी म्हटलं. ‘‘तू बस.’’